मागच्या चाकाचं तेल

नागनाथ मिस्त्रीचा मला अजून राग येतो. इतक्या वर्षांनी येऊ नये, हे कळतं, पण येतो. घरात कुणी एरंडेलाची बाटली उघडली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. बायकोला वाटतं, लहानपणी जबरदस्तीनं पाजलं असेल म्हणून. पाजलं होतंच, पण कारण ते नाही. आणि या रागाच्या पाठोपाठ हेही आठवतं की त्याच्या तोडीचा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. मग राग आणखी वाढतो. नुसताच लबाड माणूस असता तर त्याला मी केव्हाच विसरलो असतो.

मी तेव्हा सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. संस्थानी फौजेच्या जुन्या सामानातली एक मोटारसायकल आमच्या खात्याच्या वाट्याला आली आणि या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत शेवटी माझ्या गळ्यात पडली. जर्मन बनावटीची, म्हशीसारखी जड, आणि तिला साखळीच नव्हती. इंजिनातून एक पोलादी दांडा मागं जायचा आणि मागच्या चाकाला लागून असलेल्या गोल डबीत शिरायचा. त्या डबीत दोन दातेरी चक्रं एकमेकांत अडकून फिरायची आणि चाक फिरवायची. डबीत चहाचा दीड कप तेल लागे. पातळ तेल पडलं की ते झिरपून ब्रेकवर उतरायचं आणि ब्रेक लागायचा नाही. भलतंच पडलं की चक्रं तापायची. नेमकं कोणतं तेल घालायचं, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि पुस्तक जर्मन भाषेत होतं.

खेड्यात गाडी उभी केली की लोक वाकून आधी साखळी शोधायचे. "डाक्टरसायब, चैन पडली बगा तुमची वाटंत," असं मला कितीतरी जणांनी अगदी काळजीनं सांगितलं होतं. एकजण तर अर्धा कोस मागं जाऊन शोधून आला.

पहिल्याच महिन्यात वालूरच्या रस्त्यावरच्या उतारावर ब्रेक लागेना आणि मी गाडीसकट उभ्या ज्वारीत शिरलो. लागलं नाही, पण अब्रू गेली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, देवगाव फाट्यावरचा नागनाथ मिस्त्री.

फाट्यावर मालमोटारी थांबत. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान, मागं घर. मी समजत होतो तेलानं माखलेला माणूस भेटेल, तर पांढरंस्वच्छ धोतर, पांढरी बंडी आणि कमरेला खोवलेलं एक फडकं असा हा उंच, वाळका माणूस समोर आला. दिवसभर तेलात-वंगणात हात घालून त्याच्या अंगावर डाग कसा पडत नाही, हे मला कोडंच होतं. हात पुसायचा तो त्या फडक्यालाच. कपड्याला हात पुसणाऱ्या मिस्त्रीला तो मिस्त्री म्हणतच नसे. उजव्या हाताची तर्जनी त्यानं तेल तपासण्यासाठी राखून ठेवली होती. भाकरी खातानासुद्धा ते बोट वर उचललेलं असायचं. फाट्यावरचे लोक त्याची नक्कल करायचे, पण पाठीमागं.

त्यानं डबीचं खालचं आट्याचं बूच सैल केलं, तर्जनीवर थेंब घेतला, अंगठ्यानं चोळला, वास घेतला.

"कोन्ती गिरनी?" त्यानं विचारलं.

"गिरणी कसली?"

"जिनिंगच्या मशिनीचं तेल हाय हे. सुंगा." आणि ते बोट थेट माझ्या नाकाखाली. मला तेलाचा वास आला. "सरकी कळंना का?" असं म्हणून त्यानं थेंब कागदावर फासला. उजेडात धरला तर खरंच त्यात कापसाचे दोन बारीक तंतू होते. माझ्या आधीच्या साहेबानं सेलूच्या जिनिंगमधून फुकट तेल आणून ओतलं होतं, हे मला नंतर कळलं.

"मग आता कोणतं घालायचं?"

"मला मालूम न्हाई," तो म्हणाला. "मालूम झालं की घालीन. तवर गाडी हितंच ऱ्हाईल."

तिथंच मला तो आवडला. मला माहीत नाही असं सरळ सांगणारा मिस्त्री मी त्याआधी पाहिला नव्हता, डॉक्टर तर फारच थोडे. पुढचे पंधरा-वीस दिवस मी सायकलवर गावं पालथी घातली आणि नागनाथनं तेल शोधलं. तो पूर्वी हैदराबादेत संस्थानच्या मोटारखात्यात होता. शिक्षण उर्दू चौथी. त्याचे डबे, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या, वहीतल्या खुणा, सगळं उर्दूत. मराठी बोलायचा, पण त्याला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं हैदराबादच्या आपल्या म्हाताऱ्या उस्तादाला उर्दूत कार्ड लिहिलं. उस्तादानं औषधाच्या तीन बाटल्यांत तीन तऱ्हेची तेलं रेल्वेच्या गार्डाबरोबर सेलूला पाठवली.

त्या बाटल्यांची त्यानं जी परीक्षा घेतली, ती मी दोन दुपारी बसून पाहिली. तारेवरून थेंब सोडून किती वेळ लोंबतो ते बघायचं. कागदावर थेंब टाकून त्याचं कडं कसं पसरतं ते बघायचं. बायकोचा तवा मागून आणला, त्यावर तेल तापवलं. ती बाई आतून बोलत होती, "आता भाकऱ्या कशावर करू, तुमच्या डोस्क्यावर?" शेवटी एकेक तेल डबीत भरून तो सेलूपर्यंत जाऊन आला आणि दर खेपेला डबीवर तळहात ठेवून उभा राहिला. तापल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावते तसा. तिसऱ्या बाटलीला म्हणाला, "हात ठिवता यायलाय. हे असल."

काळपट हिरवं, काकवीसारखं दाट तेल होतं ते. मग उस्तादाकडून त्याचा एक डबा आला. नागनाथनं तो फळीवर वेगळा, कापडात गुंडाळून ठेवला. मला बजावलं, "सायब, एक ध्यानात ठिवा. ह्याच्यात दुसरं तेल मिसळायचं न्हाई. एरंडेल तर कदीच न्हाई. इकडं समदे एरंडेल घालत्यात, घरचं असतंय म्हून. पन दोन तेलं एकमेकाला धरत न्हाईत. फाटत्यात." मी मान डोलावली. दवाखान्यात एरंडेल ढिगानं असे, गुरांचा कोठा साफ करायला. ते गाडीत घालायची बुद्धी मला कशाला होईल, असं मी हसत म्हटलं. तोही हसला. हे हसणं मला पुढं पुष्कळ आठवलं.

त्याची सचोटी नुसती माझ्यापुरती नव्हती. वालूरच्या एका बड्या शेतकऱ्याच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. मी त्यांचा बैल बघायला गेलो होतो, तेव्हा नागनाथ इंजिन दुरुस्त करत होता. मालकाच्या पुतण्यानं जालन्याहून तेलाचा सीलबंद डबा आणला होता. नागनाथनं सील फोडलं, तर्जनी बुडवली, कागदावर थेंब टाकला आणि डबा बाजूला सरकवला.

"ह्याच्यात जळकं तेल मिसळलंय, मालक."

"सील हाय की त्याला!" पुतण्या म्हणाला.

"सील मानसानं लावलंय." मग त्याच्या तोंडी रोज असायचं ते वाक्य तो म्हणाला. "तेल खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतो."

पंधरा-वीस गडी उभे होते. मालकाचा चेहरा उतरला. गुमान इंजिन चालू कर, असं त्यांनी दरडावलं. नागनाथनं फडक्याला हात पुसले, हत्यारं पिशवीत भरली आणि चालू लागला. पुढं वर्षभर त्या घराचं काम त्याला मिळालं नाही. त्याबद्दल त्याला काही वाटल्याचं मला दिसलं नाही. मी मात्र घरी येऊन बायकोला म्हणालो, अशी चार माणसं सरकारात असती तर! आता बोलून उपयोग नाही, पण म्हणालो होतो.

आपला मुलूख हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात गेला, आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. उस्ताद हैदराबादेतच राहिला, ओळखीचा गार्ड बदलला आणि तेलाचा डबा यायचा बंद झाला. दुसरी गोष्ट, परभणीला एसट्यांच्या दुरुस्तीचा कारखाना निघणार आणि जुन्या माणसांतून मिस्त्री घेणार, असं कानावर आलं.

संस्थान गेलं तेव्हा नागनाथची नोकरी गेली होती. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे, पण जुना खाकी कोट त्यानं खुंटीला टांगून ठेवला होता आणि दर पोळ्याला धुवायचा. आता तो कधी नव्हे इतका बोलू लागला. कारखान्याचा साहेब फाट्यावर येऊन त्याचं काम बघणार होता. "तुमची गाडी माझं सर्टिफिकीट हाय सायब," तो मला म्हणायचा. "जर्मनची गाडी, बिगर चैनीची, मपल्या हातानं चालू हाय. एवडं दावलं की बास." मी त्याच्यासाठी माझ्या सही-शिक्क्याचं शिफारसपत्रही लिहून दिलं. या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं मी त्यात लिहिलं होतं. शब्द माझेच.

त्याच उन्हाळ्यात वालूरच्या पलीकडं बुळकांडी आली. गुरांतला तो सगळ्यात वाईट रोग. एकदा गोठ्यात शिरला की दावण रिकामी करतो. लस परभणीहून बर्फात घालून यायची, थर्मासमध्ये ठेवून दुपारच्या आत टोचायला लागायची. लोक टोचून घ्यायला तयार नसत. दादाराव नावाच्या एका लहान शेतकऱ्यानं माझ्या शब्दावर गाव तयार केलं होतं. त्याची एकच बैलजोडी होती. "पयली मपली जोडी टोचा," तो म्हणाला होता, "मग बाकीचे येत्यात."

आदल्या दिवशी मी गाडी नागनाथकडं सोडली होती. सकाळी न्यायला गेलो.

"मागचं तेल बघितलं का?"

"भरलं. असल हाय. जावा तुमी बिनघोर."

मी निघालो. नेहमी तेल घातलं की तो तर्जनी माझ्या नाकाखाली धरायचा, सुंगा म्हणायचा, आणि मी मोठा जाणकार असल्यासारखा मान हलवायचो. त्या दिवशी त्यानं बोट पुढं केलं नाही. हे मला पंधरा दिवसांनी, गळ्यात हात बांधून खाटेवर पडलो असताना आठवलं.

वालूर ओलांडून दोन मैल गेलो असेन. मागून करकर आवाज आला, जळका वास आला, आणि मागचं चाक एकाएकी जागच्या जागी बसलं. मी उडून दगडावर पडलो. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. थर्मास फुटला आणि लस रस्त्याच्या मातीत गेली. मला एका बैलगाडीत घालून माघारी आणलं. दुसरी लस आणि दुसरा डॉक्टर यायला आठवडा गेला. तेवढ्यात दादारावच्या गावात रोग शिरला होता. त्याचे दोन्ही बैल दोन दिवसांच्या अंतरानं गेले.

खात्याची चौकशी लागली. परभणीला डबी उघडली तेव्हा आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या निघाल्या. चक्रांचे दात झिजून निळे पडले होते. आणि वास कोणालाही कळेल असा होता. एरंडेल.

चौकशीच्या साहेबांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. नागनाथ मिस्त्रीचा जबाब, मराठीत, कारकुनाच्या अक्षरात. त्यात लिहिलं होतं: मी गाडीत तेल घातलं नाही. मी परगावी होतो. डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यातलं एरंडेल स्वतः घातलं असावं, ते घालू नका असं मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं. खाली उर्दूत सही.

मी खूप सांगितलं. साहेबांनी दवाखान्याचं कपाट उघडायला लावलं. एरंडेलाची मोठी बाटली अर्धी झाली होती. ती एका फुगलेल्या म्हशीला पाजली होती, पण म्हैस साक्षीला थोडीच येणार होती? साहेब हसून म्हणाले, "काय डॉक्टर, गुराला द्यायचं ते गाडीला दिलंत?" तो विनोद जिल्हाभर झाला. मी परभणीच्या कचेरीत पाय ठेवला की शिपाईसुद्धा तोंडावर हात ठेवायचे.

मला दोष लागला, गाडी काढून घेतली आणि बदली गंगाखेडच्या पलीकडं राणीसावरगावला झाली. ते एक वेळ मी सोसलं. दादाराव भेटायला आला ते मला सोसलं नाही. तो भांडला नाही. माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "मिस्त्रीचं ऐकायला पायजे हुतं सायब. तेलातलं त्येला कळतंय." बैल गेलेल्या माणसापुढं मी निर्दोष आहे म्हणून काय सांगायचं?

इतकं झालं तरी मी नागनाथला एक जागा ठेवली होती. त्याला मराठी वाचता येत नाही. कारकुनानं काहीतरी लिहिलं असेल, त्यानं न वाचता सही ठोकली असेल. आठ दिवस मी याच आशेवर काढले. हात गळ्यात बांधलेला, तसाच मालमोटारीत बसून फाट्यावर गेलो.

तो डबे खोक्यात भरत होता. मला पाहून उभा राहिला. बसा म्हणाला नाही.

"मिस्त्री," मी म्हणालो, "त्या कागदावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं ना? मराठीत होतं. तुम्ही तसं सांगा. मी साहेबांकडं येतो तुमच्याबरोबर."

तेवढं एक वाक्य तो बोलला असता, खोटं का होईना, तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला ते माझ्या तोंडावरून कळतही होतं. तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"वाचून दावला हुता सायब," तो म्हणाला. "दोनदा."

"आणि तेल?"

"असल संपलं हुतं. थोडं डबीत उरलं हुतं, त्याच्यावर एरंडेल भरलं. कारखान्याचा सायब चार दिसानं यनार हुता. गाडी बंद हाय, तेल न्हाई, असं कामून सांगू त्याला? वाटलं, चार दिस निगत्याल. मग धुऊन काडीन."

"मला तरी सांगायचं! मी सायकलनं गेलो असतो. दादारावचे बैल वाचले असते."

तो खुंटीवरच्या कोटाकडं बघत म्हणाला, "तुमची नौकरी जानार न्हवती सायब. तुमी शिकलेले. बदली हुईल, एवडंच. मपलं नाव खराब झालं असतं तर मला पुन्ना कुनी घेतलं नसतं."

त्यानं हिशेब बरोबर केला होता, म्हणून तर जास्त लागलं. भीतीपोटी गडबडीत बोलून गेला असता तर समजलो असतो. यानं मला तोललं होतं. या माणसाचं किती बिघडेल, याला किती सोसेल, हे तारेवरच्या थेंबासारखं निवांत बघितलं होतं आणि मग सही केली होती. मी त्याला काही वाईटसाईट बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्याची बायको दारात आली आणि डोक्यावरचा पदर तोंडात धरून उभी राहिली, ते आठवतं. तिला सगळं माहीत होतं.

त्याला परभणीच्या कारखान्यात घेतलं. माझं शिफारसपत्र त्याच्या कागदांत पहिलं होतं, असं मला तिथल्याच एकानं सांगितलं. दोष लागलेल्या माणसाचं पत्र कसं चाललं, असं मी विचारलं. तो म्हणाला, पत्र आधीच्या तारखेचं होतं.

राणीसावरगावला मी सायकलवर हिंडलो. खांदा थंडीत दुखायचा. दोनेक वर्षांनी काही कामानं परभणीला आलो होतो आणि परतीची एसटी सुटायला वेळ होता. कारखान्याचं फाटक स्टँडला लागूनच. आत एक एसटी मागच्या बाजूनं उचलून ठेवली होती आणि तिच्याभोवती नव्यानं भरती झालेले सात-आठ मिस्त्री अर्धवर्तुळात उभे होते. मध्ये नागनाथ. खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्यावर टोपी. कमरेला फडकं नव्हतं.

त्यानं मागच्या चाकांमधल्या डबीतून तेलाचा थेंब तर्जनीवर घेतला होता आणि ते बोट एकेकाच्या नाकाखाली धरून तो पुढं सरकत होता. "सुंगा... सुंगा..." तोच आवाज. माझी मान आपोआप पुढं झाली, हे सांगायला लाज वाटते.

"नवं हाय का जुनं हाय, दुकानदाराला इचारू नका," तो त्यांना सांगत होता. "ह्याला इचारा. तेल खोटं बोलत न्हाई..."

आणि त्याची नजर फाटकातून माझ्यावर आली. तो थांबला. बोट तसंच वर राहिलं. मीही हललो नाही. म्हटलं, बघू, पुढचं कसं म्हणतो ते.

त्याला म्हणावं लागलंच नाही. त्या पोरसवदा मिस्त्र्यांना ते रोज ऐकून पाठ झालं होतं. आपला उस्ताद पुढचं विसरला असं वाटून एकजण हसत मोठ्यानं म्हणाला, "मानूस बोलतो!" आणि सगळे हसले.

नागनाथनं मान खाली घातली आणि ते बोट आपल्या नव्या खाकी पँटला पुसलं.